टाचा टेकलेलं चित्र

मी, खाली सही करणारा अंबादास केरबा इंगवले, वय वर्षे ७६, धंदा पेंटर (आता बंद), राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. माझं डोकं ठिकाणावर आहे. हात नाही, तो गेली चार वर्षं थरथरतो, म्हणून मजकूर मी सांगितला आणि सूनबाई नंदिनीने टाइप केला. मला कुणी धाक घातलेला नाही, आणि घातला असता तर आमच्या पेठेत ते लपून राहिलं नसतं. वकील पृथ्वीराज यांचं म्हणणं असं की यातली निम्मी वाक्यं कायद्याला नको आहेत. मला ती हवी आहेत, म्हणून ठेवली.

सन २०१७ साली मी एक मृत्युपत्र नोंदवलं होतं. ते आजपासून रद्द समजावं, आणि त्यातलं कलम सहा तर खास करून रद्द. त्या कलमात मी असं लिहिलं होतं की मिशनच्या दवाखान्यात लावलेलं माझं जुनं चित्र उतरवून जाळून टाकावं आणि त्या जागी माझंच नवं चित्र लावावं. दवाखान्याच्या ट्रस्टने त्याला लेखी होकार दिला आहे, आणि येत्या जानेवारीत व्हरांड्याची दुरुस्ती निघेल तेव्हाच ते काम उरकून घ्यायचं असं ठरवलं आहे, मी जिवंत असलो तरी. ते चित्र उतरू नये आणि जळू नये, एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप आहे. बाकीचं वाटप अर्ध्या पानात झालं असतं.

ते अर्धं पान आधी घेतो.

कलम १. शिवाजी पेठेतल्या दोन खोल्या आणि पुढचं दुकान माझ्यामागे पत्नी आक्काताई हिच्या ताब्यात राहील, आणि तिच्यानंतर मुलगा राजवीर याच्याकडे जाईल. बँकेतली ठेव आक्काताईची. ती किती आहे हे तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे. या बाईने चाळीस वर्षं टर्पेंटाइनच्या वासात स्वयंपाक केला, आणि भाजीला वास लागतो अशी तक्रार मात्र मी करत आलो. त्याबद्दल मी तिची माफी मागतो. समोर बसून मागायला हवी होती, पण ते जमलं नाही.

कलम २. फ्लेक्स छापायचं मशीन राजवीरचंच आहे, ते त्याने आपल्या हिमतीवर घेतलं. २००९ साली ते दुकानात आलं आणि त्याच आठवड्यात माझी बोर्डाची तीन कामं गेली. ती घेणारा हाच होता. मी सात महिने त्याच्याशी बोललो नाही, जेवताना मीठ लागलं तरी आक्काताईमार्फत मागायचो. हे इथं नोंदवतो आणि सोडून देतो. त्या मशीनवर घर चाललं, आणि मला आयुष्यात पहिल्यांदा रिकामा वेळ मिळाला. तो मिळाला नसता तर पुढचं काहीच घडलं नसतं. दुकानावरची ‘अंबादास पेंटर’ ही पाटी तेवढी उतरवू नये.

कलम ३. माझे सगळे ब्रश नंदिनीला. ती कॉम्प्युटरवर अक्षरं लावते, पण ‘क्ष’ कुठं जाड आणि कुठं बारीक करायचा हे तिला न सांगता कळतं. ब्रश वापरावेत. काचेच्या कपाटात ठेवले तर मी वरून बघेन.

कलम ४. आता चित्र क्रमांक एक.

१९८६ साली आक्काताई पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, कागलच्या बाजूला. तिथं ती अडली. जवळ होता तो मिशनचा दवाखाना. मेट्रन प्रियदर्शनीताई दोन दिवस तिच्या उशापासून हलल्या नाहीत, आणि बाई आणि राजवीर दोघंही हाती लागली. मी ताईंना म्हणालो, मला बोर्ड रंगवण्यापलीकडे काही येत नाही, पण तुमचे उपकार मला असे ठेवून जायचे नाहीत. त्या म्हणाल्या, आमच्या व्हरांड्यातली भिंत रिकामी आहे. मग त्यांनी आपल्या बायबलमधून पत्त्याएवढं एक रंगीत चित्र काढून माझ्या हातात दिलं. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या एका चित्रकाराने काढलेलं. येशूला क्रुसावरून उतरवून नेत आहेत, असा प्रसंग.

ते पाहून माझ्या मनात पहिलं जे आलं ते खरं खरं लिहितो: छापखान्याने वाट लावली आहे. सगळी माणसं उभी ताणलेली. माना लांब, बोटं लांब, अंगाच्या मानाने डोकी बारकी. अंगावर गुलाबी आणि फिकट निळे कपडे, मयताला असे कोण घालतं? क्रूस नाही, शिडी नाही, मग उतरवलं कशावरून? पायाखाली जमीन म्हणावी तर तीही धड नाही. आणि ज्या पोराच्या खांद्यावर येशूचा सगळा भार, तो बसलेला चवड्यावर. आमच्या धंद्यात हे रोजचं होतं. सिनेमावाल्यांकडून येणारे फोटो कधी ताणलेले असायचे, कधी चेपलेले, आणि ते सरळ करून घेणं हे पेंटरचं काम. मी तेही सरळ केलं.

सरळ केलं म्हणजे कसं, तेही सांगतो. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी मोठ्या फळीवर आखायच्या आणि एकेक चौकट उतरवत जायचं, ही आमची रीत. सुताराने चित्राच्या मापाला धरून नऊ फूट उंचीची फळी केली होती. मी मात्र चौकटी आखताना उंची साडेसात फूटच धरली, म्हणजे ताण निघून जाईल. माना जागेवर आल्या, बोटं माणसांची झाली. पण खाली दीड फुटाचा पट्टा मोकळा राहिला. त्यात मी माती काढली, दगड काढले. मागे क्रूस रोवला, त्याला शिडी लावली. राहिला तो चवड्यावर बसलेला पोरगा. त्याच्यासाठी मी तालमीतून माझ्या पैलवान दोस्ताला, हंबीररावाला, बोलावलं, आणि वजन यावं म्हणून पाठीला पोतं बांधून स्वतःच मढं झालो. त्याने ते छापील चित्र हातात घेऊन बराच वेळ बघितलं.

“पेंटर, असं चवड्यावर बसून मढं कोण उचलतंय? पोटरी चढंल की. टाच टेकल्याबिगर वजन येत न्हाय.”

मग त्याने टाचा टेकून मला उचललं आणि मी मागे ठेवलेल्या आरशात बघून त्याचे पाय काढले. चित्रात उचलणारे दोघं आहेत, पण चारही पाय हंबीररावाचे आहेत. पाठमोरे, त्यामुळे टाचा अगदी पुढे, फळीच्या खालच्या कडेला आल्या. फळी व्हरांड्यात बसवली तेव्हा टाचा माणसाच्या कमरेच्या उंचीवर आल्या. ताईंनी चित्र बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आभार मानले. चित्र दवाखान्याच्या नावावर करून घ्यायची मंजुरी त्यांच्याकडे नव्हती म्हणून त्यांनी फायलीत लिहून ठेवलं, ‘चित्र पेंटरच्या मालकीचे, दवाखान्यास वापरास दिलेले.’ त्या एका ओळीमुळे आज मला हे कलम लिहिण्याचा हक्क आहे, असं वकील सांगतात. ताई, तुमचा हाही उपकार.

कलम ५. इटालियन चित्रांचं जाड पुस्तक धैर्यशील मास्तरांचं आहे, ते त्यांना परत द्यावं. पंधरा वर्षं झाली. त्यावर पिवळ्या रंगाचा डाग पडला आहे, तो माझा.

धैर्यशील मास्तर चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायचे. १९९८ साली त्यांनी इथल्या एका वर्तमानपत्रात लिहिलं की मिशनच्या दवाखान्यात एका थोर चित्राचं कॅलेंडर करून टांगलं आहे. माझं नाव लिहिलं नव्हतं, पण पेठेत सगळ्यांना कळलं. बारा वर्षं मी त्यांना रस्त्यात ओळख दिली नाही. २०१० साली, फ्लेक्सने आमचा धंदा बसला तेव्हा, ते जुन्या पेंटरांची माहिती गोळा करत दुकानात आले. काखेत हे पुस्तक. त्यांनी ते काउंटरवर उघडून ठेवलं. पानभर मोठं तेच चित्र, आणि त्यातही माणसं ताणलेलीच होती.

मास्तर संध्याकाळपर्यंत बसले. त्यांनी सांगितलं की त्या काळच्या चित्रकारांना माणूस बिनचूक काढता येत होता, त्यांच्या गुरूंनी ते करून दाखवलं होतं. यांना त्याच्या पुढं जायचं होतं. म्हणून यांनी शरीर ओढलं, पिळलं, वळवलं, आतलं दुःख अंगावर दिसावं म्हणून. क्रूस नाही, कारण मरण संपलं आहे. गुलाबी आणि निळा रंग सुतकाचा नाही, तिसऱ्या दिवशी येशू पुन्हा उठणार त्या पहाटेचा आहे. येशू आणि त्याची आई यांच्यामध्ये नुसते हात आहेत आणि मधली जागा मोकळी आहे, कारण आता तिच्या हातात काही उरलेलं नाही. आणि पोरगा चवड्यावर आहे, कारण तो देव उचलतो आहे, आणि देवाचं ओझं होत नाही. मूळ चित्राच्या खाली वेदी आहे, तिथं येशूचं शरीर म्हणून भाकर वाटतात. चित्रातली माणसं ते शरीर बाहेर, खाली, त्या वेदीवर, बघणाऱ्यांच्या हाती द्यायला निघाली आहेत.

मी मनात मोजलं. चौदा ठिकाणी मी देवाची दुरुस्ती केली होती.

दुसऱ्या दिवशी मी प्रियदर्शनीताईंकडे गेलो. त्या निवृत्त होऊन दवाखान्याच्या आवारातच राहत होत्या. मी कबूल केलं. त्या म्हणाल्या, मला पहिल्या दिवशीच दिसलं होतं. मी म्हणालो, मी ते उतरवतो, नीट करून देतो. त्या म्हणाल्या, “असू द्या, पेंटर. मी आहे तोवर त्याला हात लावू नका.” मला वाटलं, बाई माझी लाज राखते आहे. टाचांवरचा रंग उडाल्याचं मी आधीही बघितलं होतं, दोनदा डबा घेऊन गेलो होतो. ओल असेल म्हणालो. दोन्ही वेळा त्यांनी चहा पाजून परत पाठवलं होतं. २०१५ साली त्या गेल्या.

कलम ६. चित्र क्रमांक दोन. हे मी २०१० ते २०१६ या काळात काढलं. पुस्तकातल्याप्रमाणे, एक रेघ न बदलता. चवड्यावरचा पाय जमायला चौदा महिने लागले, कारण माझा हात आपोआप टाच खाली आणायचा. राजवीर म्हणाला होता, “कशाला डोळं फोडून घेताय? दोन तासात फ्लेक्सवर काढून देतो, टाच बी तशीच येतीय.” तरी रोज संध्याकाळी दिवा धरून उभा राहिला तोच. त्या वर्षांत मी जितका सुखी होतो तितका नावारूपाला आलो होतो तेव्हाही नव्हतो. साठीनंतर कुणाला नव्याने शिकायला मिळतं? मास्तरांनी माझी नाचक्की केली नसती तर मी चुकीचाच पेंटर म्हणून मेलो असतो. त्यांचा राग मी बारा वर्षं धरला, त्यातली अकरा फुकट गेली.

हे दुसरं चित्र दवाखान्याला द्यायचं आणि पहिलं हंबीररावाच्या देखत जाळायचं, असं मी २०१७ साली लिहिलं. हंबीरराव म्हणाला, जाळताना माझे पाय आहेत हे विसरू नकोस. मी त्याच्यावर हसलो होतो.

कलम ७. गेल्या मार्चमध्ये नव्या चौकटीचं माप घ्यायला मी आणि राजवीर दवाखान्यात गेलो. मी टेप धरून चित्रापुढे उभा. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन थांबली आणि चार माणसं आली, टोप्या, धुळीचे पाय. त्यांचा म्हातारा आदल्या दिवशी गेला होता, त्याला न्यायला आली होती. थोरला मुलगा पुढे होता. त्याला रडणं आवरत नव्हतं. तो मला म्हणाला, “पावणं, जरा सरकता का?” मी सरकलो. त्याने वाकून चित्रातल्या टाचेला हात लावला आणि तो कपाळाला लावला. मग बाकीच्या तिघांनी, एकामागून एक. आमच्याकडे पाया पडतात तसं. मग चौघं आत गेली आणि बापाला उचलून बाहेर आली. थोरला डोक्याकडच्या बाजूला होता. पायरीवर तो थांबला, टाच टेकली, वजन घेतलं आणि उतरला.

मला वाटलं, येशूच्या पायाला हात पोचत नाही म्हणून खाली लावला असेल. दवाखान्यातली जुनी आया अंबूबाई तिथं फरशी पुसत होती. तिला विचारलं.

“येशूला कशाला लावतील? त्यो उचलनारा हाय न्हवं, त्येला लावत्यात,” ती म्हणाली. “तुमी बसीवलासा तवापास्नं. हितनं मढं न्हेनारं समदं त्या टाचंला हात लावूनच उचलत्यात. हिंदू असू दे, न्हायतर मुसलमान. कुनी सांगिटलं न्हाय. म्हंत्यात, त्येनं उचललं तर आपल्याला बी उचलंल.” आणि पुढं म्हणाली, “मेट्रनबाई तुमाला रंग का लावू देत न्हवत्या, म्हाईत न्हाय व्हय तुमाला? झिजलं म्हंजी कुनाचं तरी मानूस घरला पोचलं, असं म्हनायच्या.”

मी जवळ जाऊन बघितलं. चारही टाचांवरचा रंग गेला होता. खालचा अस्तराचा पांढराही गेला होता. उघडं लाकूड, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. मी ओल म्हणत होतो ती ही. मी व्हरांड्याच्या पायरीवर बसलो आणि रडलो, राजवीर टेप गुंडाळत उभा राहिला. मूळ चित्राप्रमाणे काढलं असतं तर त्या ठिकाणी कुणाच्या हाताला काही लागलं नसतं. माझ्या चुकीने राहिलेला तो दीड फूट पट्टा होता, म्हणून त्यांना लावायला टाच मिळाली.

पुढच्या आठवड्यात मी धैर्यशील मास्तरांना रिक्षात घालून तिथं नेलं. त्यांनाही आता काठी लागते. त्यांनी वाकून एका टाचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “मूळ चित्रातलं शरीर बघणाऱ्यांच्या हाती द्यायचं होतं, असं मी तीस वर्षं वर्गात शिकवलं. ते हाती घेताना कुणाला बघितलं नव्हतं. माझा लेख चुकला. दुरुस्ती छापायला आता माझ्यात जोर नाही, तेवढं तुझ्या मृत्युपत्रात घाल.” घातलं.

म्हणून पुढीलप्रमाणे व्यवस्था करतो.

(अ) चित्र क्रमांक एक हे दवाखान्याच्या ट्रस्टला कायमचं दिलं. ते आहे त्याच भिंतीवर, त्याच उंचीवर राहावं. व्हरांडा दुरुस्त करताना उतरवणं भागच असेल तर काम झाल्याबरोबर परत लावावं. मधल्या दिवसांत ते आडवं करून ठेवू नये, हात पोचेल असं उभंच ठेवावं. दुरुस्तीच्या दिवसांतही माणसं मरतात.

(आ) टाचांना रंग, वॉर्निश, काच किंवा कठडा यांपैकी काहीही लावू नये. नंदिनीनेही नाही, कितीही प्रेमाने केलं तरी. लाकूड झिजून भोक पडलं तर मागून फळी लावावी, पुढून नको.

(इ) चित्र क्रमांक दोन धैर्यशील मास्तरांना, आणि त्यांच्या घरी एवढी भिंत नसल्यास त्यांच्या कॉलेजला. मुलांनी दोन्ही चित्रं बघावीत आणि मूळ चित्रकार किती मोठा होता हे दुसऱ्यावरून समजून घ्यावं. त्याच्याकडून मी उशिरा शिकलो, पण शिकलो. त्याचा मी ऋणी आहे.

(ई) हंबीररावाला काहीही दिलेलं नाही, कारण तो या मृत्युपत्राला साक्षीदार आहे आणि वकील म्हणतात साक्षीदाराने घ्यायचं नसतं. त्याने मला जे दिलं ते भिंतीवर आहेच.

वरील अर्थाचं पत्र मी आजच ट्रस्टला हातोहात पाठवलं आहे, माझ्या मरणाची वाट बघण्याइतका वेळ जानेवारीपर्यंत नाही. ट्रस्टने काही शंका काढल्यास राजवीरने स्वतः जाऊन उत्तर द्यावं. तो त्याच दवाखान्यात जन्मला, त्याला कुणी बाहेर काढणार नाही.

कलम ८. सहीबद्दल. चाळीस वर्षं कोल्हापुरातल्या थेटरांच्या बोर्डांवर कोपऱ्यात माझं नाव असायचं. दवाखान्यातल्या चित्रावर मात्र मी नाव घातलं नव्हतं. आधी घातलं नाही, कारण चित्र दुसऱ्याचं. पुस्तक बघितल्यावर तर बरं झालं म्हणालो, लाज वाचली. गेल्या रविवारी, १४ सप्टेंबरला, मी तिथं गेलो आणि उजव्या कोपऱ्यात, टाचांना धक्का न लावता, काळ्या रंगात नाव घातलं. अंबूबाईने माझं मनगट धरलं होतं. चार अक्षरांना अर्धा तास लागला. ‘अंबादास’ मधला ‘द’ वाकडा आला आहे, तो तसाच राहू द्यावा.

या कागदावर मी जी सही करत आहे तीही तशीच वाकडी येणार. पुढेमागे ही सही माझी नव्हे असं कुणी म्हणालं, तर त्याने दवाखान्यात जाऊन चित्रावरची सही ताडून बघावी. दोन्ही एकाच आठवड्यातल्या, एकाच हाताच्या आहेत, आणि दोन्ही मी पूर्ण शुद्धीवर असताना, स्वखुशीने केल्या आहेत.

सही: अंबादास केरबा इंगवले

अंबादास यांनी आमच्यासमोर सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर. मध्ये दोनदा हात थांबला. आम्ही धरायला गेलो तर नको म्हणाले.

साक्षीदार १: हंबीरराव जोतीराम साळोखे, वय ७७, शिवाजी पेठ
साक्षीदार २: अॅड. पृथ्वीराज विजयसिंह घोरपडे, वय ४४, कोल्हापूर

ठिकाण: कोल्हापूर
दिनांक: १८ सप्टेंबर २०२५